वाळल्या गवताचे सहा महिने
(प्रस्तावना)

नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये मी पहिल्यांदा गाय चाचपली ती जानेवारीच्या अखेरीस. काळी अँगस गाय, सात महिन्यांची गाभण, खोड्यात उभी. मी बाहेरून बघून म्हणालो, छान अंग धरलंय. मालक काही बोलला नाही. त्याने हातमोजा काढला आणि मलाही काढायची खूण केली. हिवाळ्याची लव इतकी दाट होती की बोटाची दोन पेरं तिच्यात बुडाली, आणि खाली बरगड्या लागल्या. एक, दोन, तीन, चार, मोजून घ्याव्यात अशा. शेपटीच्या मुळाशी जिथे मऊ गादी असायला हवी तिथे नुसता खळगा होता.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझा आज्जा खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड बघायचा तेव्हा आधी डोळे मिटल्यासारखे करून हात फिरवायचा. शेवटच्या दोन बरगड्या, माकडहाड, शेपटीचं मूळ. दलाल बोलत राहायचा आणि आज्जाचा हात चालत राहायचा. पशुवैद्यकाची पदवी घेऊन, सातासमुद्रापार जाऊन, मी नेमकं तेच विसरलो होतो. केस वाढले की गाय खोटं बोलते. ती खंगलीय हे नजरेला कळेपर्यंत फेब्रुवारी उजाडलेला असतो आणि तोवर स्वस्तातले सगळे उपाय संपलेले असतात.

हे पुस्तक त्या उशिराबद्दल आहे. थंड प्रदेशात, मांसासाठी पाळलेल्या गुरांचे कळप हिवाळाभर उघड्या कुरणावर कसे राखतात, त्यांचं अंग कसं टिकवतात, याचा हा शोध. मराठी वाचकाला यातला ‘मांसासाठी’ हा शब्द अडणार याची मला कल्पना आहे, म्हणून पहिल्याच पानांवर खुलासा केलेला बरा. या पुस्तकातली मुख्य व्यक्ती म्हणजे कळपातली आई. ती आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त, त्याच माळावर राहते, दरवर्षी एक वासरू देते. विकलं जातं ते वासरू. तिचं दूध कोणी काढत नाही. आणि सगळी अडचण इथेच सुरू होते. दुभत्या गाईला आज वैरण कमी पडली तर ती संध्याकाळी चरवीत उत्तर देते. ही गाय उत्तर द्यायला वर्ष लावते. यंदाच्या हिवाळ्यात तिचे हाल झाले, तर वसंतात ती वेळेवर माजावर येत नाही, उन्हाळ्यात गाभण राहत नाही, आणि पुढच्या शरद ऋतूत तपासणीत रिकामी निघते. तेव्हा मालक वळूला दोष देतो.

हिवाळी कुरण म्हणजे काय, हे समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. दसऱ्यानंतर आपल्या माळावरचं पवन्या, मारवेल आणि कुसळी पिवळं पडतं, मग पांढुरकं होतं आणि जेठापर्यंत तसंच उभं राहतं. गवत असतं, पण त्यातला जीव गेलेला असतो. अमेरिकेच्या मैदानी पट्ट्यात हेच सप्टेंबर-ऑक्टोबरात घडतं, आणि हिरवा कोंब दिसायला एप्रिल-मे उजाडतो. तिथल्या म्हशीगवताची, म्हणजे बफेलो ग्रासची, आणि ब्लू ग्रॅमाची ख्याती अशी की कोरड्या शरदात ते उभ्याउभ्या वाळून चांगलं टिकतं. आपल्याकडे वाळल्या गवताच्या जोडीला ऊन असतं. तिथे थंडी असते. आणि थंडी स्वतःच गाईला खाते.

या विषयाचा इतिहास एका हिवाळ्यापाशी येऊन थांबतो, म्हणून मीही तिथे थोडा रेंगाळतो.

१८८० च्या सुमाराला माँटाना, वायोमिंग, डाकोटाची मोकळी मैदानं म्हणजे फुकटची दौलत अशी हवा पसरली होती. बायसन मारून संपवले होते, मूळच्या जमातींना हुसकून राखीव प्रदेशांत कोंडलं होतं, आणि गवत उभं होतं. १८८१ साली जेम्स ब्रिस्बिन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मैदानावर श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारं ‘द बीफ बोनान्झा’ हे पुस्तकच लिहिलं. स्कॉटलंड आणि इंग्लंडचा पैसा आला. हिशोब साधा होता: बायसन हिवाळा काढतो, मग गायही काढेल. चारा साठवायचा नाही, गोठा बांधायचा नाही, वसंतात मोजायला जायचं.

पण बायसन आणि गाय हिवाळ्याला एकसारखं तोंड देत नाहीत. बायसन डोकं फावड्यासारखं डावी-उजवीकडे झाडून बर्फ बाजूला करतो आणि वादळाकडे तोंड करून उभा राहतो. घोडा खुराने उकरतो. गाय मुस्कटाने थोडंफार ढकलते, पण वर बर्फाचा कडक पापुद्रा धरला की तिचं काही चालत नाही; आणि वादळात ती वाऱ्याला पाठ देऊन चालू लागते, कुंपण आडवं येईपर्यंत. १८८६ च्या जानेवारीत दक्षिणेकडच्या मैदानांत हेच झालं. उत्तरेची गुरं खाली येऊ नयेत म्हणून घातलेल्या तारेच्या कुंपणांना टेकून ढीगच्या ढीग मेले. त्यापासून उत्तरेत कोणी धडा घेतला नाही. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गुरं मुळातच जास्त होती, ऑक्टोबरात गवत आधीच बुडापर्यंत खाल्लेलं होतं. मग लवकर बर्फ, मध्येच थोडं वितळणं, त्यावर गोठून काचेसारखा थर, आणि १८८७ च्या जानेवारीतली वादळं. थिओडोर रूझवेल्टच्या मेडोरा इथल्या कळपाचा निम्म्याहून जास्त भाग गेला. माँटानात ज्युडिथ बेसिनमध्ये चार्ल्स रसेल नावाचा तरुण गुराखी होता. मालकाने कळपाची खुशाली विचारली तेव्हा पत्राऐवजी त्याने पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर जलरंगात एक चित्र काढून पाठवलं: बर्फात पाय रोवून उभी, हाडांचा सापळा झालेली एक गाय, आणि वाट बघणारे लांडगे. ‘वेटिंग फॉर अ चिनूक’ या नावाने ते चित्र पुढे गाजलं. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा, बर्फ वितळवणारा उबदार वारा.

त्या वसंतातल्या मोजणीनंतर ग्रॅनव्हिल स्टुअर्टने, म्हणजे माँटानाच्या सर्वांत नावाजलेल्या पशुपालकांपैकी एकाने, धंद्यातून मन काढलं. ज्याला चारा आणि आसरा देता येणार नाही असं जनावर आपल्याला पुन्हा बाळगायचं नाही, अशा अर्थाचं तो लिहून गेला आहे. पुढची सगळी विद्या त्या वाक्याचं भाष्य आहे असं म्हटलं तरी चालेल.

मला मात्र त्या कहाणीत दुसरंच काही दिसतं. सगळे थंडीची गोष्ट सांगतात. जनावरं मेली जानेवारीत हे खरं, पण त्यांचं मरण ऑक्टोबरातल्या खाऊन गुळगुळीत झालेल्या माळावर ठरलं होतं.

मग सुरू झालं गवत कापून साठवण्याचं युग. कुंपणं आली, कळप लहान झाले, ओढ्यालगतच्या ओल्या कुरणांवर उन्हाळ्यात गवत कापून गंजी लागू लागल्या. सँडहिल्स या कामाला जणू घडवलेला मुलूख: सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, वर गवताची कातडी, आणि खाली ओगलाला भूजलाचा साठा, जो खोलगट भागांत जमिनीला येऊन टेकतो. टेकडी चरायला, खोलगट कुरण कापायला. १९४८–४९ च्या हिवाळ्यात बर्फाने हे कळप तोडले तेव्हा लष्कराच्या विमानांतून गवताचे गठ्ठे खाली टाकले गेले. गंजी असणं आणि गंजीपर्यंत गाय पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रश्न बदलला. गाय जगवायची कशी याऐवजी ती पुन्हा गाभण राहील अशी कशी ठेवायची. इथे एक वजाबाकी सगळ्यांनी पाठ करावी. गाईचा गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं तर ३६५ मधून उरतात ८२. एवढ्या दिवसांत तिने व्यायचं, वार टाकायची, वासराला पाजायचं, गर्भाशय पूर्ववत करायचं, माजावर यायचं आणि गाभण राहायचं. १९६० च्या दशकात जेम्स विल्टबँक आणि सहकाऱ्यांनी हेरफोर्ड गाईंवर दाखवून दिलं की व्यायच्या आधी उपाशी राहिलेली गाय व्यायल्यावर माजावर यायला उशीर करते. नंतर कितीही चारलं तरी ते नुकसान पुरतं भरत नाही.

यातून आली अंगाला गुण देण्याची पद्धत. अमेरिकेत एक ते नऊ, ब्रिटन आणि कॅनडात एक ते पाच. नऊच्या मापात प्रौढ गाय व्यायला पाचवर असावी, पहिलारू कालवड सहावर. एका गुणाची किंमत साधारण ३५ ते ४५ किलो वजन. आपल्याकडे गावोगावचे दलाल ही मोजणी करतच होते, फक्त आकडा न लावता. आकडा लावल्याचा फायदा हा, की ऑक्टोबरचा हात आणि जानेवारीचा हात एकमेकांशी बोलू शकतात. वहीत ‘बरी’ लिहिलं तर तीन महिन्यांनी त्याचा अर्थ लागत नाही. ‘पाच’ लिहिलं तर लागतो.

आता पोटात शिरू. संबंध विषयाची कळ तिथेच आहे. गाय गवत खाते हे म्हणणं पुरतं खरं नाही. गवत खातात ते तिच्या कोठीपोटातले जंतू, आणि गाय त्यांच्यावर जगते. वाळल्या गवतात तंतू भरपूर, पण प्रथिनं पाच-सहा टक्के, कधी त्याहूनही कमी. सात टक्क्यांच्या खाली गेलं की जंतूंना नत्र पुरत नाही, त्यांची संख्या घटते, पोटातलं गवत लवकर फुटत नाही, पुढे सरकत नाही. पोट भरलेलंच राहतं, म्हणून गाय खाणं थांबवते. गुडघाभर गवतात उभी राहून, पोट गच्च असताना, ती उपाशी असते.

उपाय इतका लहान आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेली पेंड दिवसाला अर्धा-पाऊण किलो. तेवढ्याने जंतू जागे होतात, गाय जास्त गवत खाते आणि खाल्लेलं जास्त पचवते. तिथल्या जुन्या पशुपालकांची आवडती वस्तू म्हणजे सरकी पेंड. सातारा-सांगलीच्या म्हशीला जी घालतो तीच. आज तिची जागा बरीचशी सोयाबीनने आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मक्याच्या चोथ्याने घेतली आहे, पण तिथल्या बोलीत पेंडेच्या कांड्या टाकायला जाणं याला अजूनही ‘केकिंग’ म्हणतात. पिकअप गाडीचा भोंगा वाजतो, टेकडीमागून सगळा कळप धावत येतो, आणि मागे लांब ओळीत पेंड पडत जाते. मालक आरशात बघत असतो: शेवटी कोण आली, कोण आलीच नाही.

गंमत अशी की ही पेंड रोज घालायची गरज नसते. दिवसाआड, आठवड्यातून तीनदा घातली तरी भागतं. कारण जास्तीचा नत्र वाया जात नाही. कोठीपोटातला अमोनिया यकृतात युरिया होतो, रक्तातून लाळेत उतरतो आणि रवंथ करताना परत पोटात जातो. मैलोन् मैल गाडी हाकणाऱ्याला यात किती डिझेल वाचतं याचा विचार करा.

इथेच माझी फजिती झाली होती. त्या पहिल्या हिवाळ्यात मागे पडलेल्या दहा-बारा गाईंचा गट माझ्या देखरेखीखाली दिला होता. मी घरच्या सवयीने भरडा सुचवला: मका, तोही सढळ हाताने. पंधरा दिवसांनी शेण पातळ, त्यात न पचलेले तंतू, आणि गाई कुरणाकडे बघेनाशा झाल्या. पिष्टमय दाणा आला की कोठीपोटात आम्ल वाढतं, पिष्ट खाणारे जंतू माजतात आणि तंतू फोडणारे मागे पडतात. म्हणजे मी विकतचा मका घालून फुकटचं गवत वाया घालवत होतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत वाद पेटला आहे तो गंजीवरच. हिवाळ्याचा चारा हा वासरू-उत्पादकाचा सर्वांत मोठा खर्च. ट्रॅक्टर, गासडीयंत्र, डिझेल, मजुरी. मग काहींनी उलटा सवाल केला: गाईला चार पाय आहेत आणि तोंड आहे, तर गवत आपण कापून तिच्यापुढे का नेतो? फ्रान्सच्या आंद्रे व्हॉय्झँने १९५० च्या दशकात चराईतल्या वेळेचं महत्त्व मांडलं होतं: गवत किती खाल्लं याइतकंच ते पुन्हा कधी खाल्लं हे महत्त्वाचं. झिंबाब्वेच्या अ‍ॅलन सेव्हरीने ते मैदानी पट्ट्यात नेलं, पण त्याचे दावे पुराव्याच्या बरेच पुढे धावतात असं माझं मत आहे. त्याच्या अनुयायांची नजर मात्र तयार असते, हेही मान्य करायला हवं. जिम गेरिशने २०१० मध्ये ‘किक द हे हॅबिट’ लिहून गंजीची सवय मोडायचं आवाहन केलं. त्याचं गणित पक्कं आहे. माझा आक्षेप त्याच्या वाचकांवर आहे, जे ‘आमच्याकडे एक गासडी नाही’ हे बिरुद म्हणून मिरवतात. बर्फावर पापुद्रा धरतो त्या वर्षी या मिरवण्याची किंमत गाय देते.

कॅनडाच्या अल्बर्टा-सॅस्कॅचेवानवाल्यांनी मधला मार्ग काढला. उशिरा पेरलेला सातू किंवा ओट सप्टेंबरात कापून ओळीनेच शेतात पडू द्यायचा आणि विजेच्या तारेने रोज थोडा थोडा उघडायचा. गाय बर्फातून ओळ हुंगत काढते. किंवा गासड्या शेतभर आधीच मांडून ठेवायच्या. शेण-मूत्र गोठ्यात साचण्याऐवजी जिथे हवं तिथेच पडतं. नेब्रास्कात मका काढल्यावर गाई ताटांच्या रानात सोडतात. त्या आधी गळलेली कणसं वेचतात, मग पानं आणि कणसांची सालपटं, धाट सगळ्यात शेवटी. ज्याने कधी कडब्याच्या पेंढीपुढे म्हैस बघितली आहे त्याला हे सांगायला नको.

मिसुरी-केंटकीच्या दमट पट्ट्यात गोष्ट निराळी. तिथे ‘टॉल फेस्क्यू’ नावाचं गवत ऑगस्टपासून राखून ठेवतात आणि ते हिवाळ्यातही बरंचसं हिरवं आणि सकस राहतं. १९३१ साली केंटकीतल्या एका उतारावरच्या शेतात ते नजरेत भरलं, १९४३ मध्ये ‘केंटकी-३१’ म्हणून प्रसारित झालं, आणि लाखो एकरांवर पसरलं. मग काही गुरांचे खूर आणि शेपट्या थंडीत सडू लागल्या. १९७० च्या दशकात कारण सापडलं: गवताच्या आतच एक बुरशी राहते, तिचं विष रक्तवाहिन्या आवळतं. गवताला दुष्काळात तगवणारी हीच बुरशी. काढली तर गवत लेचंपेचं होतं, ठेवली तर गाय लंगडते. यातून निघायच्या वाटेला या पुस्तकात मी जरा जास्तच पानं दिली आहेत, कारण इतकी चोख शोकांतिका शेतीशास्त्रात क्वचित सापडते.

सँडहिल्सच्या गुडमंडसन प्रयोगक्षेत्रावर नेब्रास्का विद्यापीठाच्या मंडळींनी गवताला किंवा पेंडीला हात न लावता पंचांगच हलवून पाहिलं. मार्चमध्ये विणारी गाय सर्वांत जास्त भुकेची असते तेव्हा कुरण सर्वांत निकृष्ट असतं. जूनमध्ये विऊ दिली, तर तिची भूक आणि गवताची भर एकत्र येतात, आणि हिवाळ्यात ती निवांत, कमी गरजेची असते. तिथली हरणं हे आधीपासून जाणतात. मात्र जूनची वासरं बाजारात उशिरा आणि हलकी जातात, म्हणून अनेकांनी मार्च सोडला नाही, आणि त्यांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही.

थंडीचं गणितही एकदा नीट समजून घ्यावं. कोरडी, दाट लव असलेली गाय उणे आठ अंश सेल्सियसपर्यंत विनातक्रार राहते. त्याखाली प्रत्येक अंशाला तिची ऊर्जेची गरज सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पण लव भिजली की ही सीमा एकदम अधिक पंधरा अंशांवर येते. म्हणजे उणे पाच अंशांतल्या कोरड्या बर्फापेक्षा अधिक दोन अंशांतला पाऊस गाईला महाग. म्हणून आडोसा हवा तो वाऱ्याला आणि ओलीला. छपराची फारशी गरज नसते. आडोशाची भिंतही भरीव नको. मध्ये पाव भाग फटी ठेवल्या तर वारा मंदावतो, भरीव ठेवली तर मागे भोवरे होऊन बर्फ गाईंवरच साचतो. पाण्याबद्दल कॅनडातल्या संशोधकांनी मौजेची गोष्ट सिद्ध केली: स्वच्छ, भुसभुशीत बर्फ चाटून गाय आपली तहान भागवू शकते, फक्त ते शिकायला तिला काही दिवस आणि एखादी जाणती सोबतीण लागते. आणि मॅनिटोबाच्या गस कोनेफाल या पशुपालकाने १९७० च्या दशकात लक्षात आणून दिलं की संध्याकाळी उशिरा चारा घातला तर जास्त गाई दिवसाउजेडी वितात. रात्री दोन वाजता उणे वीसमध्ये वासरू ओढलेल्या माणसाला या एका निरीक्षणासाठी त्याचा पुतळा उभारावासा वाटेल.

अमेरिकेबाहेर मी दोनच मुक्काम केले आहेत. आयर्लंडच्या बरेनमध्ये सगळं उलटं चालतं: जगभर गुरं हिवाळ्यात खाली उतरतात, तिथे ती डोंगरावर चढतात. चुनखडीचा दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पाय ठेवायला कोरडी जागा असते, झऱ्यांत चुना असतो. गाई हिवाळाभर जुनं गवत खाऊन काढतात, म्हणून वसंतात निळ्या जेन्शनच्या फुलांना उजेड मिळतो. चराई थांबवली तिथे झुडपं माजली आणि फुलं गेली. दुसरा मुक्काम न्यूझीलंडच्या साउथलँडचा. तिथे दुधाच्या गाईच जास्त, केल आणि चाऱ्याच्या बीटवर. पोट भरलेलं, गुण उत्तम, आणि गाय ढोपरभर चिखलात. बसायला कोरडी जागा नाही. तिथली छायाचित्रं गाजल्यावर २०१९ मध्ये सरकारला हिवाळी चराईसाठी कृतिगट नेमावा लागला. अंगाचे गुण म्हणजे गाईचं सगळं सुख नव्हे, हे मला त्या चिखलाने शिकवलं. मंगोलियाच्या ‘झुड’वर, म्हणजे गुरं मारणाऱ्या कडक हिवाळ्यावर, ज्याने २००९–१० मध्ये ऐंशी लाखांहून जास्त जनावरं नेली, वेगळं पुस्तक व्हायला हवं, मी त्याला स्पर्श करून सोडलं आहे.

हे सगळं आत्ता का? १ जानेवारी २०२४ च्या मोजणीत अमेरिकेतली एकूण गुरं ८ कोटी ७२ लाख भरली, १९५१ नंतरची तोवरची सर्वांत कमी. दुष्काळ, महाग चारा, म्हातारे होत चाललेले मालक. आणि ऋतू बेभरवशाचे. ऑक्टोबर २०१३ मध्ये पश्चिम साउथ डाकोटात आधी पाऊस, मग दोन दिवस हिमवादळ झालं. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर होती, हिवाळ्याची लव आलेली नव्हती. हजारोंनी मेली, आणि अंगावर चांगली असलेलीही मेली. वर सांगितलेलं अधिक पंधरा अंशांचं गणित इतक्या क्रूरपणे क्वचितच पडताळलं गेलं असेल.

आपला धागा या विषयात दोन जागी खरोखर जोडलेला आहे. अमेरिकन ब्राह्मन ही गुरांची जात कांकरेज, ओंगोल, गीर यांच्या रक्ताबरोबर कृष्णाकाठच्या ‘कृष्णा व्हॅली’ गुरांपासूनही घडली. उष्म्याला आणि गोचिडांना ती पुरून उरते, पण उत्तरेच्या हिवाळ्यात तिची पातळ लव कामाला येत नाही. म्हणून ती मेक्सिकोच्या आखाताकाठी स्थिरावली. दुसरं म्हणजे आपला मारवेल. तो टेक्सासात ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ या नावाने राहतो आणि स्थानिक गवतांना हटवतो म्हणून त्याच्यावर रोष आहे. एकाच गवताची दोन घरं आणि दोन अब्रू.

आणि चारा छावण्या? २०१२–१३ च्या आणि २०१८–१९ च्या छावण्या मी पाहिल्या आहेत. ऊस, कडबा, पेंड, टँकर. तिथे दावणीला आलेल्या गाईच्या बरगडीवर हात ठेवला तेव्हा मला सँडहिल्स आठवलं नसतं तरच नवल. पण अमेरिकेतली पद्धत इथे लावा असं हे पुस्तक सांगत नाही. आपलं गायरान मोकळं नाही, आपली जनावरं दोन-चारच्या संख्येत आहेत, आपला कायदा आणि आपली भावना निराळी. एवढंच करता येईल की वाळल्या गवताचं पचन सगळीकडे एकच असल्यामुळे, छावणी उघडण्याच्या चार महिने आधी काय दिसायला हवं होतं, हे विचारायला शिकता येईल.

पुस्तकात मी पाककृती दिलेल्या नाहीत. किती किलो काय घाला याचे तक्ते आहेत, पण ते मागे आहेत, आणि गाईला हात लावून झाल्यावरच उघडावेत. पुढची मांडणी ऋतूंच्या क्रमाने आहे, मात्र वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते वासराचं दूध तोडण्याच्या दिवसापासून सुरू होतं, कारण दूध आटलेली गाय त्याच गवतावर अंग धरू लागते, आणि तो दिवस तीन आठवडे अलीकडे आणणं हा हिवाळ्यातला सर्वांत स्वस्त चारा आहे. तेव्हा पहिल्या प्रकरणात आपण सप्टेंबरच्या मध्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, टेकडीखालच्या कोंडवाड्यात उभे असू. ऊन पडलेलं असेल, गाईंची लव अजून आखूड असेल, वासरं कुंपणापलीकडे हंबरत असतील. हातमोज्यांची तेव्हा गरज नसते.